दुधाच्या पावतीवर तापमानाचा रकाना का नाही?

कोल्हापुरात दुधावर बोलायला कुणाला आग्रह करायला लागत नाही. दर किती, फॅट किती लागली, पशुखाद्याचं पोतं कितीला झालं, दिवाळीला फरक किती मिळणार, संघाची निवडणूक लागली की मग तर चहाच्या गाड्यापासून एसटी स्टँडपर्यंत दुसरा विषयच नसतो. १९६३ साली गोकुळ हा जिल्ह्याचा दूध संघ सुरू झाला तेव्हापासून या जिल्ह्यातल्या हजारो घरांचा किराणा, पोरांची फी, लग्नकार्य दुधाच्या बिलावर चाललंय, त्यामुळं एवढं बोलणं साहजिक आहे. पण या सगळ्या बोलण्यात एक आकडा कधीच ऐकू येत नाही, तो म्हणजे दूध किती अंशाला होतं. मला वाटतं लोकांच्या तब्येतीच्या दृष्टीनं बघितलं तर दर आणि फॅटच्या इतकाच, किंबहुना जरा जास्तच महत्त्वाचा आकडा तो आहे, आणि तो मोजून लिहिला जात नाही तोपर्यंत दुधाच्या क्वालिटीवरच्या आपल्या सगळ्या चर्चा अर्ध्याच राहणार.

कुठल्याही गावात संध्याकाळी सहाच्या सुमाराला दूध संस्थेच्या, म्हणजे गावातलं दूध गोळा करून संघाला देणाऱ्या संस्थेच्या, दारात उभं राहून बघा. किटल्या, कॅन घेऊन बाया-माणसं लाईनीत, आत मापाडी दूध मापतोय, छोट्या बाटलीत सॅम्पल घेऊन मशीनला लावतोय, आणि खट् करून पावती बाहेर येते. पावतीवर काय असतं? तारीख, सभासद नंबर, गाय का म्हैस, लिटर, फॅट, एसएनएफ (म्हणजे फॅट आणि पाणी सोडून दुधातला बाकीचा भाग), दर, रक्कम. बास. म्हशीच्या कासेतून दूध निघतं तेव्हा ते ३७-३८ अंशाचं असतं, धार काढून किटली भरेपर्यंत, गोठ्यातनं संस्थेपर्यंत चालत येईपर्यंत, लाईनीत नंबर लागेपर्यंत ते फार तर चार-पाच अंश उतरलेलं असतं आणि एप्रिल-मे असेल तर तेवढंही नाही. जिथं संस्थेत बल्क कूलर, म्हणजे दूध गार करायची मोठी टाकी, आहे तिथं ते लगेच आत जातं आणि चार अंशाकडं उतरायला लागतं, ही खरंच मोठी सुधारणा आहे, पण जिथं कूलर नाही तिथं दूध कॅनात भरून टेम्पोची वाट बघत बसतं. आणि ज्यानं धार काढल्या काढल्या अर्ध्या तासात दूध आणून घातलं आणि ज्यानं दोन तासांनी, टेम्पो सुटायच्या टायमाला आणलं, त्या दोघांना फॅट सारखी असेल तर पैसे सारखेच मिळतात. पहिल्यानं केलेल्या धावपळीची नोंद कुठंच होत नाही.

हे दोन तास एवढे महत्त्वाचे का, ते जरा सविस्तर सांगायला पाहिजे, कारण "त्यात काय एवढं, उकळणारच आहोत की" हे वाक्य आपल्याकडं दर दुसऱ्या माणसाच्या तोंडी असतं.

निरोगी जनावराच्या कासेतलं दूध तसं बऱ्यापैकी स्वच्छ असतं. बॅक्टेरिया त्यात येतात ते सडाच्या कातडीवरनं, धार काढणाऱ्याच्या हातावरनं, शेणामातीतनं, नीट न धुतलेल्या किटलीच्या कडेच्या खाचेतनं, मशीन असेल तर रबराच्या नळ्यांतनं. सुरुवातीला ते थोडे असतात. शिवाय ताज्या दुधात निसर्गानंच घातलेल्या काही गोष्टी असतात, लॅक्टोपेरॉक्सिडेज, लॅक्टोफेरिन वगैरे, त्या या बॅक्टेरियांना पहिले दोन-तीन तास जरा दाबून धरतात. दूध जेवढं थंड तेवढा हा काळ लांबतो, जेवढं कोमट तेवढा आखूड होतो. म्हणजे निसर्गानं आपल्याला थोडी मुदत दिलीय आणि ती मुदत आपण लाईनीत आणि रस्त्यावर घालवतो.

मुदत संपली की मग जी वाढ होते ती बेरजेची नसते, दुपटीची असते. एकाचे दोन, दोनाचे चार. बॅक्टेरियाला आवडणाऱ्या तापमानाला, समजा तीस-पस्तीस अंशाला, काही जातींना दुप्पट व्हायला वीस मिनिटं ते अर्धा तास पुरतो. अर्धा तास धरला तरी हिशोब करून बघा, पाच तासात दहा वेळा दुप्पट, म्हणजे हजारपटीच्या वर. एका मिलिलिटरमध्ये दहा हजार होते तिथं एक कोटी झाले. तेच दूध चार-पाच अंशाला असतं तर यातल्या बहुतेक जाती जवळजवळ थांबल्याच असत्या. हा फरक काही टक्क्यांचा नाही, दहा हजार आणि एक कोटीचा आहे. युरोपात म्हणूनच नियम आहे की कच्चं दूध रोज उचलत असतील तर लगेच ८ अंशाच्या खाली आणायचं, रोज उचलत नसतील तर ६ अंशाच्या खाली, आणि गाईच्या कच्च्या दुधात मिलिलिटरला एक लाखाच्या वर बॅक्टेरिया असता कामा नयेत. म्हणजे तिथं अंश आणि बॅक्टेरिया, दोन्ही आकडे नियमात लिहिलेत.

आता उकळण्याचं. उकळल्यावर बॅक्टेरिया मरतात हे खरं आहे, पाश्चरायझेशनमध्ये तर उकळायलाही लागत नाही, ७२ अंशाला १५ सेकंद किंवा ६३ अंशाला अर्धा तास पुरतो, टीबीचे, तसंच ब्रुसेलाचे (जनावराकडनं माणसाला होणाऱ्या ब्रुसेलोसिस या आजाराचे) जंतू त्यात मरतात. पण बॅक्टेरिया मेला म्हणून त्यानं मरायच्या आधी दुधात जे सोडून ठेवलंय ते जात नाही. खरा मुद्दा इथं आहे आणि हाच लोकांपर्यंत पोचलेला नाही.

स्टॅफिलोकोकस ऑरियस नावाचा बॅक्टेरिया आहे. हा कुठं लांबचा नाही, कितीतरी निरोगी माणसांच्या नाकात, कातडीवर असतो, बोटाला पिकलेली जखम असेल तर त्यात हमखास, आणि जनावराच्या कासेला दगडी होते, डॉक्टर मस्टायटिस म्हणतात, त्याच्या मोठ्या कारणांपैकी हा एक. म्हणजे दुधात यायला याला दोन सरळ वाटा आहेत. हा साधारण सात अंशाच्या वर वाढतो, विष बनवायला दहाच्या वर तापमान लागतं, आणि पस्तीस-चाळीसच्या आसपास तो जोरात असतो, म्हणजे नुकतंच काढलेलं, न गार केलेलं दूध त्याला अगदी पाहिजे तसं. थोडे असतील तर काही बिघडत नाही, पण मिलिलिटरला लाखाच्या वर गेले की विष पुरेसं व्हायला लागतं. आणि हे विष अर्धा तास उकळलं तरी टिकतं. वास नाही, चव नाही, दूध फाटत नाही, सायसुद्धा छान येते. पोटात गेलं की एक ते सहा तासात मळमळ, उलट्या, पोटात मुरडा, जुलाब. विषाचं प्रमाण मायक्रोग्रॅमच्या आत असलं तरी पुरतं. धडधाकट माणूस एका दिवसात उठून बसतो, पण तान्हं पोर, म्हातारं माणूस, आधीच अशक्त असलेलं कुणी, यांच्या अंगातलं पाणी जायला लागलं की ते प्रकरण दवाखान्यात जातं. लग्नातल्या, यात्रेतल्या दुधाच्या पदार्थातनं विषबाधा झाल्याच्या बातम्या आपण उन्हाळ्यात वाचतो आणि लगेच भेसळ, भेसळ म्हणून ओरडतो. कितीतरी वेळा कारण एवढंच असू शकतं की चांगलं, शुद्ध, बिनभेसळीचं दूध किंवा बासुंदी मोठ्या पातेल्यात बरेच तास कोमट राहिली.

जपानमध्ये २००० साली जे झालं ते तर प्रत्येक दूध संघाच्या संचालकाला पाठ पाहिजे. स्नो ब्रँड म्हणून तिथली फार मोठी, नावाजलेली डेअरी कंपनी. जूनच्या शेवटी ओसाका भागात त्यांचं लो फॅट दूध पिऊन लोक आजारी पडायला लागले आणि आकडा १३ हजारांच्या वर गेला. आधी संशय ओसाकाच्या प्लांटमधल्या एका अस्वच्छ व्हॉल्व्हवर गेला. मग शोधत शोधत कारण निघालं ते शेकडो किलोमीटर लांब, होक्काइडोमधल्या ताइकी गावच्या पावडर प्लांटमध्ये. तिथं ३१ मार्चला साधारण तीन तास लाईट गेली होती. त्या वेळात लाईनमधलं दूध कोमट अवस्थेत अडकून पडलं, स्टॅफिलोकोकस वाढला, विष झालं. नंतर दूध तापवलं, पावडर केली, त्या पावडरीत बॅक्टेरियाचा आकडा जास्त आला म्हणून ती परत विरघळवून नव्या मालात घेतली, कारण पुन्हा हीट दिली की बॅक्टेरिया मरणार हा भरवसा. बॅक्टेरिया मेलेही. विष तसंच राहिलं, पावडरीत गेलं, पावडर ओसाकाला गेली, तिथनं लो फॅट दुधात, तिथनं घराघरात. जपानसारख्या देशात, एवढ्या मशिनरीत, तीन तासाची लाईट एवढं करून गेली.

आणि आपल्याकडं लाईट कधी जाते? एप्रिल-मेमध्ये दिवसभर रणरणतं ऊन, चारनंतर ढग, आणि वळवाचा पाऊस सुटला की पहिल्या वाऱ्याला फिडर ट्रिप. बरोबर दूध घालायच्या टायमाला. कुठं तारा तुटतात, कुठं पोल पडतो, खेडेगावात मग रात्री उशिरापर्यंत लाईट नाही. ज्या संस्थेत जनरेटर आहे आणि त्यात डिझेल आहे तिथं ठीक. जिथं नाही तिथं त्या रात्रीच्या दुधाचं तापमान किती वाजता किती होतं हे कुणीतरी लिहून ठेवलेलं असतं का? २०१९ च्या ऑगस्टमध्ये महापुरात शिरोलीला हायवे बंद पडला होता, २०२१ च्या जुलैला परत तेच, तेव्हा निदान सगळ्यांना दिसत होतं की संकट आहे, संकलनच थांबलं. वळवाची संध्याकाळ मात्र कुणाला संकट वाटत नाही, दूध जातच राहतं.

आता घरातला ओटा. कारण सगळं संस्थेवर आणि सरकारवर ढकलून चालणार नाही. सकाळी दूध उकळलं, चहा झाला, पातेल्यावर जाळी ठेवली आणि ते दुपारपर्यंत तिथंच. "उकळलंय ना, काय होत नाही." बॅसिलस सिरियस म्हणून एक बॅक्टेरिया मातीत, धुळीत, वैरणीत सगळीकडं असतो, त्याचे बीजाणू, म्हणजे कवचात झोपलेली त्याची टिकाऊ रूपं, उकळून मरत नाहीत. उलट उकळल्यानं बाकीची गर्दी मरते आणि याला मोकळं रान मिळतं. दूध साठच्या खाली उतरून कोमट झालं की बीजाणू उमलतात, वाढायला लागतात, आणि याच्या काही जाती उलटी आणणारं जे विष करतात ते तर उकळण्याला अजिबात दाद देत नाही. पूर्वी कच्चं दूध बिघडायचं तेव्हा आंबायचं, कारण त्यातले दही लावणारे बॅक्टेरिया पुढं असायचे, आंबट वास आला की आईला कळायचं. उकळलेल्या किंवा पिशवीतल्या दुधात ते बॅक्टेरिया मेलेले असतात, त्यामुळं आंबट न होताच ते खराब होऊ शकतं. वास घेऊन "बरं आहे की" म्हणायची सवय आता पुरत नाही. उकळलेलं पातेलं परातीत गार पाणी घालून त्यात ठेवायचं, दोनदा पाणी बदलायचं, आणि तास-दीड तासाच्या आत फ्रीजमध्ये. दारातल्या कप्प्यात नको, दार उघडझाप करून फ्रीजमधली सगळ्यात गरम जागा तीच असते, आतल्या बाजूला मागं ठेवा. एवढ्यानंच बरंच काम होतं.

फ्रीज म्हणजे सगळं झालं असंही नाही. थंडीत बॅक्टेरिया मरत नाहीत, थांबतात किंवा संथ होतात. आणि स्युडोमोनास सारखे काही तर फ्रीजच्या थंडीतही हळूहळू वाढतात. ते स्वतः पाश्चरायझेशनमध्ये मरतात पण त्यांनी सोडलेली एन्झाइम्स मरत नाहीत, ती दुधातली फॅट आणि प्रोटीन तोडत राहतात, म्हणून कधी कधी तारखेच्या आतलं दूध कडवट लागतं. लिस्टेरिया हाही शून्याच्या जवळपासच्या थंडीत वाढू शकतो आणि गरोदर बाईला तो फार वाईट, कच्च्या दुधापासनं गरोदरपणात लांब राहायचं एक मोठं कारण हेच. म्हणजे गार करणं लवकर पाहिजे, पहिल्या तासातच पाहिजे. आधीच कोटीच्या घरात गेलेलं दूध चार अंशाला आणून ठेवलं तर आकडा तिथंच थांबतो, खाली येत नाही.

भेसळीबद्दल बोललं की लोक चिडतात, "म्हंजे भेसळ होतच नाही म्हणायचंय का तुला?" होते. पण एफएसएसएआयनं, म्हणजे अन्नाच्या सुरक्षिततेवर लक्ष ठेवणाऱ्या केंद्राच्या संस्थेनं, २०१८ मध्ये देशभर दुधाचा सर्व्हे केला, ६,४३२ नमुने घेतले, त्यात तब्येतीला घातक भेसळ सापडली ती १२ नमुन्यात. त्यापेक्षा कितीतरी जास्त, जवळपास पावणेसहा टक्के नमुन्यांत अफ्लाटॉक्सिन एम-१ हे बुरशीचं विष मर्यादेच्या वर निघालं, ते बुरशी लागलेल्या वैरणीतनं, पेंडीतनं येतं आणि तेही उकळून जात नाही. आपण मात्र युरिया आणि डिटर्जंटचे व्हिडिओ फॉरवर्ड करतो. माझं म्हणणं असं की भेसळ आणि तापमान या दोन वेगळ्या गोष्टी समजायच्याच नाहीत. दुधात सोडा का घालतात? आंबटपणा लपवायला. हायड्रोजन पेरॉक्साइड का घालतात? दूध नासू नये म्हणून. दूध वेळेवर गार झालं असतं तर यातलं काही घालायची गरजच पडली नसती. भेसळीचा हा मोठा प्रकार गरम दुधाच्या पोटीच जन्माला येतो, आणि आपण धाडी घालतो पण कूलर देत नाही.

शहरातली बाजू तर उघड्यावर दिसते. पहाटे पाचच्या सुमाराला शहरातल्या कुठल्याही पेठेत, उपनगरात फिरा, दुकान उघडलेलं नाही आणि शटरसमोर दुधाचे क्रेट एकावर एक रचलेले. गाडी टाकून गेली. कधी अर्धा तास, कधी दुकानदार येईपर्यंत दीड तास. हिवाळ्यात चालून जातं, उन्हाळ्यात वरच्या क्रेटमधली पिशवी हातात घेतली की थंड लागतच नाही, नुसती ओली. प्लांटनं चार अंशाला भरून पाठवलेलं, इन्सुलेटेड गाडीतनं आलेलं दूध शेवटच्या पाचशे फुटांत वाया घालवायचं. काही दुकानात रात्री बिल वाचवायला फ्रीज बंद करतात हेही सगळ्यांना माहीत आहे. आणि वर पिशवीमागं रुपया-दोन रुपये कूलिंग चार्ज. एमआरपीच्या वर असे पैसे घेणं बेकायदेशीर आहे, वैधमापन विभागाकडं तक्रार करता येते, आणि गिऱ्हाइकानं करावीच. पण दुकानदाराची बाजूही ऐकली पाहिजे. त्याला पिशवीमागं जे कमिशन मिळतं ते तुटपुंजं, फ्रीजचं लाईट बिल कमर्शियल दरानं, फुटलेली पिशवी त्याच्या अंगावर. दूध गार ठेवायला पैसे लागतात ही साधी गोष्ट आहे आणि साखळीत ते पैसे कुणी कुठंच धरलेले नाहीत, म्हणून ते चोरवाटेनं वसूल होतात. एमआरपीतच गार ठेवण्याचा वाटा धरून दुकानदाराला द्या, आणि मग फ्रीजला बाहेरनं दिसणारा थर्मामीटर सक्तीचा करा. पैसेही उघड, तापमानही उघड. मला एमआरपी पन्नास पैसे वाढली तर चालेल, बहुतेकांना चालेल असं वाटतं, फक्त त्या पन्नास पैशात दूध खरंच गार राहिलं पाहिजे.

यावर दोन गोष्टी लोक हमखास काढतात. एक, आमच्या आज्या-पणज्या कुठं फ्रीज वापरत होत्या? नव्हत्या वापरत, पण त्यांच्या दुधाचा प्रवास गोठ्यातनं चुलीपर्यंतचा होता. धार काढली की चुलीवर, दुपारपर्यंत जे उरेल त्याचं दही, दुसऱ्या दिवशी ताक, लोणी, तूप. दूध दूध म्हणून ठेवायचंच नाही ही त्यांची पद्धत होती आणि ती शास्त्राला धरून होती, दह्याच्या आंबटपणात घातक बॅक्टेरियांचं फारसं चालत नाही. आज आपलं दूध राधानगरीच्या गोठ्यातनं निघून पुण्या-मुंबईला जातं, दोन दिवसांनी चहात पडतं. प्रवास बदलला तर राखायची पद्धतही बदलायलाच पाहिजे.

दुसरी गोष्ट कोल्हापूरकर काढणारच, कट्ट्यावरचं धारोष्ण दूध. गंगावेशीला रात्री म्हशी बांधलेल्या, समोर धार काढून फेसाळता ग्लास हातात, तालमीतली पोरं पिढ्यान् पिढ्या ते पीत आलीत, हा आपल्या गावचा अभिमानाचा भाग आहे आणि मी तो कमी लेखत नाही. तापमानाच्या हिशोबानं बघितलं तर त्यात वाढीला वेळच मिळत नाही, धार ते ओठ एखाद मिनिट. पण जनावरालाच टीबी, ब्रुसेलोसिस असेल तर त्याला वेळ लागत नाही, ते पहिल्या थेंबापासनं असतं. म्हणून तिथला प्रश्न थंडीचा नाही, जनावराच्या तपासणीचा आहे. कट्ट्यावर येणाऱ्या म्हशींची ब्रुसेला आणि टीबीची नियमित तपासणी करून तिथं बोर्ड लावावा, परंपराही राहील आणि पिणाऱ्यालाही भरवसा राहील. तेच धारोष्ण दूध बाटलीत भरून घरी नेलं आणि तासाभरानं पोराला दिलं तर मात्र ते धारोष्ण राहिलेलं नसतं, ते कोमट ठेवलेलं कच्चं दूध असतं, आणि यापेक्षा जास्त धोक्याचं दूध नाही.

राहता राहिला खर्चाचा प्रश्न, आणि तो शेतकऱ्याच्या डोक्यावर टाकला तर सगळंच फसेल. दोन म्हशीवाल्या घरातल्या बाईला पहाटे चारला उठून वैरण, शेण, धार, सगळं करून वर तुझं दूध गरम आहे म्हणून रुपया कापला तर ती उद्या दूध घालायचं बंद करेल किंवा किटलीत बर्फ टाकेल, म्हणजे परत पाणी. कापायचं नाही, द्यायचं. धार काढल्यापासनं ठराविक वेळेत दूध आणणाऱ्याला, स्टीलची स्वच्छ किटली वापरणाऱ्याला लिटरमागं वाढीव पैसे. मिथिलीन ब्लूची टेस्ट डेअरीवाल्यांना नवी नाही, निळा रंग जेवढ्या लवकर उडतो तेवढे बॅक्टेरिया जास्त, स्वस्त आणि सोपी, संस्थेच्या पातळीवर आठवड्यातनं एकदा करता येण्यासारखी आहे. त्यावर बोनस ठेवा. दगडी झालेल्या जनावराचं दूध वेगळं काढून ठेवणाऱ्याला नुकसानभरपाईचा काहीतरी भाग द्या, नाहीतर कुठला गरीब माणूस चार लिटर दूध ओतून टाकेल? ज्या गावात कूलर नाही तिथं निदान कॅन सावलीत, पाण्याच्या हौदात ठेवायची सोय करा, ३७ चं दूध २६-२७ वर आलं तरी दुप्पट व्हायचा वेग बराच मंदावतो. आणि कूलर आहे तिथं जनरेटर चालू आहे का याची तपासणी मार्च संपायच्या आत, वळीव सुरू व्हायच्या आधी.

थर्मामीटर काही महाग नाही, दुधात बुडवायचा डिजिटल काही शे रुपयात येतो. संस्थेच्या कपाटात फॅटचं मशीन आहे, कॉम्प्युटर आहे, प्रिंटर आहे, सॉफ्टवेअरमध्ये एक रकाना वाढवायचा आहे. सहकारी संस्थांच्या वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत होतात, तिथं सभासदाला ठराव मांडायचा हक्क आहे, आणि दरावर तासभर भांडल्यावर पाच मिनिटं यासाठी मागता येतात. मी ठरावाचा मजकूर इथंच देतोय, ज्याला पाहिजे त्यानं जसाच्या तसा उचलावा: सभासदाचं दूध घेताना आणि कॅन किंवा टँकर भरून देताना, अशा दोन वेळा दुधाचं तापमान आणि घड्याळाची वेळ नोंदवावी, सभासदाच्या पावतीवर ती छापावी, लाईट गेली त्या दिवशीचं कूलरचं तापमान दर अर्ध्या तासाला लिहून नोटीस बोर्डावर लावावं, आणि १५ अंशाच्या वर चार तासांपेक्षा जास्त राहिलेलं दूध पिशवीच्या दुधात जाणार नाही याची लेखी हमी संस्थेनं संघाकडनं घ्यावी.